मनगटी पट्टा नेमकं काय वाचतो?

प्रश्न : पेन न धरता, नुसती बोटं फिरवून संगणकावर अक्षरं उमटवणारा मनगटी पट्टा निघाला आहे म्हणे. तो मनातले विचार वाचतो का?

उत्तर : नाही, तो स्नायूंतली वीज मोजतो. बोट हलवण्याचा आदेश मेंदूकडून मज्जारज्जूतल्या चेतापेशींमार्फत हाताच्या स्नायूंपर्यंत येतो आणि आकुंचन पावणाऱ्या तंतूंमधून विद्युत्-स्पंद निघतात. त्वचेवर त्यांचा जोर काही मायक्रोव्होल्ट ते फार तर काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. मेटाच्या (फेसबुकच्या मूळ कंपनीच्या) संशोधकांनी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलेल्या पट्ट्याने हस्ताक्षराच्या हालचालींवरून मिनिटाला २०.९ शब्द टिपले. या वेगाहून मोठी गोष्ट म्हणजे हजारो जणांच्या नोंदींवर शिकवलेली ही प्रणाली अगदी नव्या माणसाच्या हातावरही चालली. प्रत्येकाच्या स्नायूंची ठेवण आणि त्वचेखालच्या चरबीचा थर वेगळा असतो, पट्टाही रोज थोडा इकडेतिकडे बसतो. आधीचे प्रयत्न नेमके इथेच अडत.

मेंदूतून थेट इतकं नेमकं वाचायचं तर सहसा शस्त्रक्रिया लागते. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून संशोधन करणाऱ्या ब्रेनगेट या प्रकल्पाच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हात लुळे पडलेल्या एका माणसाने आपण लिहितो आहोत अशी नुसती कल्पना केली आणि मिनिटाला ९० अक्षरं पडद्यावर आली.

प्रश्न : स्नायूंतली वीज टिपणाऱ्या संवेदकाची तयार सर्किट-पाटी आर्डुइनो ऊनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रक पाटीला) जोडली आहे. मूठ आवळली तरी आलेखात फारसा फरक पडत नाही, सतत एकसारखी लाट दिसते. पाटी बिघडली असेल का?

उत्तर : संवेदकाच्या पाटीवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. एकसारखी लाट म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या विजेची ५० हर्ट्झची (काही देशांत ६०) गुणगुण. ती शिरते इलेक्ट्रोडच्या ढिल्या किंवा कोरड्या पकडीतून. जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या आणि नवे जेलचे इलेक्ट्रोड लावा. दोन इलेक्ट्रोड कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूच्या मांसल भागावर, तंतूंच्या दिशेने एकापुढे एक हवेत. त्यांच्या केंद्रांत २ सेंटिमीटर अंतर ठेवा. मनगटाजवळ बहुतेक स्नायुबंधच असतात, तिथे मेटाच्या पट्ट्यासारखा संकेत या साध्या पाटीला मिळणार नाही. तिसरा, संदर्भाचा इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर लावा. तो निघाला की नेमकी तुम्ही म्हणता तशी लाट येते. तारा आखूड ठेवा, एकमेकींना पीळ द्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवरच काम करा. याने गुणगुण घटते, पण मुख्य कारण सुरक्षिततेचं आहे: अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना यंत्रणेतलं काहीही भिंतीतल्या विजेला जोडलेलं नको.

आता प्रोग्रॅम. स्नायूचा कच्चा संकेत साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, म्हणून सेकंदाला किमान १००० नमुने हवेत. सिरियलचा (संगणकाकडे आकडे पाठवणाऱ्या जोडणीचा) वेग सेकंदाला ९६०० बिट असेल आणि प्रत्येक नमुना वेगळ्या ओळीवर छापत असाल, तर एका ओळीला सुमारे ६ बाइट, म्हणजे ६० बिट लागतात (प्रत्येक बाइटच्या ८ बिटांसोबत सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन जादा बिट जातात). सेकंदाला जेमतेम १६० नमुने बाहेर पडतात, आणि त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ८० हर्ट्झच्या वरचं सगळं खोट्या मंद लाटांचं रूप घेतं. वेग ११५२०० करा आणि ‘डिले’ ही थांबण्याची आज्ञा काढून मायक्रोसेकंदांच्या घड्याळावर नमुने घ्या. पाटीवर गुळगुळीत केलेल्या संकेताची वेगळी पिन असेल आणि तुम्ही तीच वापरत असाल, तर ही अडचण नाही.

ऊनोच्या ० ते १०२३ या आकड्यांत कच्चा संकेत ५१२च्या आसपास वरखाली होतो. आधी ही सरासरी वजा करा, मगच ऋण चिन्ह काढा. हा क्रम चुकला की मूठ आवळूनही आकडा हलत नाही. नंतर १५० मिलिसेकंदांची सरासरी घ्या. हात सैल सोडून पाच सेकंद नोंद करा. तिच्या सरासरीत प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून किती विखुरतात त्या मापाची) तिप्पट मिळवली की ‘चालू’ची पातळी मिळते. ‘बंद’ची पातळी तिच्याहून थोडी खाली ठेवा, नाहीतर सीमेवर सारखी फडफड होईल. इलेक्ट्रोड पुन्हा लावले की ही नोंदही पुन्हा करा.

प्रश्न : हीच पाटी कपाळाला लावून मेंदूच्या लहरी दिसतील?

उत्तर : नाही. डोळे मिटल्यावर वाढणाऱ्या अल्फा लहरी ८ ते १३ हर्ट्झच्या असतात आणि स्नायूंसाठी बनवलेल्या पाटीचा फिल्टर सहसा २० हर्ट्झच्या खालचं कापूनच टाकतो. आलेखात जे उसळेल ते आठ्या घालण्याचं किंवा दात आवळण्याचं असेल. ते मात्र ठळक आणि भरवशाचं येतं, तेव्हा हात वापरता न येणाऱ्या माणसासाठी बटण करायचं असेल तर जबड्याच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून पाहा.