सुपारी पोराची, हौस बापाची

भाऊ, नमस्कार.

तुमचं तीन पानी पत्र दोनदा वाचलं. एरंडोल तालुक्यातलं गाव, सात एकर कपाशी. मुलगा वीस वर्षांचा, जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, गेल्या वर्षी 58 टक्के. पाच मित्रांना घेऊन त्यानं अहिराणी लोकगीतांचा बँड काढला. श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवापासून आतापर्यंत जागरणं आणि हळदी मिळून अकरा कार्यक्रम झाले, एका गाण्याची रील दोन लाख लोकांनी पाहिली. आता त्याचं कॉलेज सोडवावं, चार लाखांचं कर्ज काढून घरचा साउंड घ्यावा, आणि 'यातला एखादा कोर्स असला तर कळवा', असं तुम्ही म्हणता. शेवटी लिहिलंय, 'मना पोऱ्या नाव काढी.'

काढेलही. पण तीन पानांत त्या पोऱ्याचं स्वतःचं एक वाक्य नाही.

एरवी वडिलांची तक्रार असते की पोरगं गाणंबजावणं सोडत नाही. तुमचं उलट आहे, म्हणून ते प्रेमळ वाटतं. तुम्हाला तरुणपणी भजनी मंडळात पेटी वाजवायची होती आणि तुमच्या वडिलांनी वखरावर धाडलं, हे तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत. त्याच पानावर आणखी एक ओळ आहे: 'मागच्या दोन प्रोग्रामला जायला तो कुरकुर करत होता, मीच गाडीत बसवला.' माझं बोट या ओळीवर थांबलं. कुरकुर कशाची होती, विचारलंत का? परीक्षा जवळ आली असेल, घसा बसला असेल, वाट्यावरून पोरांत वाजलं असेल. किंवा सुपारी तुम्ही ठरवता, गाणी तुम्ही सांगता आणि कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून हातवारेही तुम्हीच करता, याची असेल. 'मार्क काढ' आणि 'नाव काढ' यांचं ओझं सारखंच असतं, भाऊ. 'नाव काढ'बद्दल पोराला कुणाकडे तक्रारही करता येत नाही, एवढाच फरक.

आता कर्ज. चार लाख, बारा टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता महिन्याला 13,300 च्या घरात जातो. बँडचा हिशेब शेजारी मांडा. समजा सुपारी 9,000 ची, साउंड यजमानाचा. गाडीभाडं 1,600, चहापाणी 400. उरले 7,000. सहा पोरांचे सहा वाटे, सातवा बँडच्या फंडाचा, म्हणजे फंडात पडले 1,000. नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला चौदा सुपाऱ्या लागतील. पौषात लग्नं नाहीत, चातुर्मासात नाहीत, पितृपक्षात कुणी बोलवत नाही. कानबाई, गणपती, नवरात्र मिळून किती दिवस भरतात ते तुम्हीच मोजा. तूट पोरांच्या वाट्यातून कापलीत तर बँड फुटेल. कपाशीतून भरलीत तर पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात तुमचा मुलगा गाण्याआधी हप्ता आठवेल.

दुसरं, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. गावपातळीवर हळदीचं काम बँडपर्यंत आणतं कोण? मंडपवाला, आचारी, फोटोग्राफर. त्यातल्या मंडपवाल्याची कमाई साउंडच्या भाड्यावर असते. उद्या तुम्ही टॉप-बेस, म्हणजे वरच्या आणि खालच्या आवाजाचे स्पीकर, घेऊन उभे राहिलात, की काल नंबर देणारा माणूस तुमचा स्पर्धक झाला. शिवाय दोन टॉप, दोन बेस, जनरेटर म्हटलं की छोटा हत्ती आला, उचलायला दोन माणसं आली, आणि मिक्सरवर बसायला एक जण. गाणाऱ्याला समोर काय ऐकू जातंय ते मंचावरून कळत नाही.

भाड्याचा साउंड शिट्टी मारतो म्हणून घरचा हवा, असं तुमचं म्हणणं. घरचाही मारेल. स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी होते. सहा पोरांना आठ माइक लावता, तिथंच घोळ आहे: उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची तीन डेसिबलची जागा गेली. हा पुढचा भाग मुलालाच वाचायला द्या. संबळाला दीडशे माणसांच्या मांडवात माइक नको, तो तसाच पोचतो. झील धरणाऱ्या, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्या, तिघांत एक माइक पुरे. ढोलकीला शाईच्या बाजूनं एक, पेटीला एक, मुख्य गायकाला एक. झाले चार. दोन्ही टॉप गाणाऱ्यांच्या पुढे आणि स्टँडवर डोक्यांच्या वर. जमिनीवर ठेवले की पुढची रांग कान धरते आणि मागचे 'आवाज वाढवा' ओरडतात. माइक तोंडापासून चार बोटं, जाळी मुठीत धरायची नाही. एवढ्या कार्यक्रमाला बारा इंची दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर आणि आठ चॅनलचा मिक्सर भरपूर होतो, आणि तो मंडपवाल्याकडे असतो.

स्वतःचं घ्यायचंच तर गाण्याचे दोन चांगले डायनॅमिक माइक, त्यांच्या केबल, दहा मीटरचं एक्स्टेन्शन आणि एक टेस्टर. टेस्टर चेष्टेत नेऊ नका. शेतातल्या मांडवात अर्थिंग नसतं, ओठ माइकला लागला की झटका बसतो. गाण्याआधी जाळीला टेस्टर लावायचा. दिवा लागला तर अर्थिंग नीट होईपर्यंत कुणी माइकला हात लावायचा नाही.

ढोलकी पेटीला मिळवायची, कारण पेटीचा सूर मंचावर हलत नाही. वैशाखाच्या उन्हात कातडं ताणून सूर चढतो, श्रावणात ओल धरून उतरतो. गाडीतून काढल्या काढल्या मिळवलेली ढोलकी दुसऱ्या गाण्याला बिघडते. मांडवात वीस मिनिटं ठेवावी, मग हात लावावा. साउंड चेकला वेळ कुणी देत नाही, तेव्हा पहिलं गाणं सगळ्यांच्या तोंडात असलेलं, मधल्या पट्टीतलं घ्यावं, तोच चेक. पाऊण तासाला नऊ गाणी पुरतात. अर्धी सुपारी विसार म्हणून आधी, उरलेली मंचावर चढण्यापूर्वी. हळद उतरल्यावर पैसे देणारा मामा सापडत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही आणि वाद्यही नाही. म्हणून कानबाईपुढं, घरात दारं लावून, बिनमाइकचं गाता आलंच पाहिजे. त्याचा सराव हिवाळ्यात भरीत पार्ट्यांना होतो. शेतात चाळीस माणसं, ना माइक, ना जनरेटर. पैसे थोडे मिळतात, पण गळा तयार होतो.

तुमच्या पत्रात एक समज पक्का दिसतो: 'लोकगीत कुणाच्या बापाचं नसतं, पोरगं काहीही रेकॉर्ड करू शकतं.' खरोखर परंपरेनं आलेलं असेल तर बरोबर. पण ज्याला आपण पारंपरिक म्हणतो, त्यातली बरीच अहिराणी गाणी हयात कवींनी लिहिलेली आहेत. कायद्यानं लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्या 1951 साली गेल्या, कविता पुस्तकरूपानं 1952 मध्ये आल्या. ती मुदत उलटून गेली, शब्द आज कुणीही गावेत. पण त्यांना नंतर कुणी लावलेल्या चालीवर त्या संगीतकाराचा हक्क वेगळा. हळदीत किंवा वरातीत गाण्याला कायद्यात सूट आहे. तेच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायला ती सूट नाही. तुमची दोन लाखांची रील ज्या गाण्याची, ते कुणी लिहिलं, हे मुलानं या आठवड्यात शोधावं.

कोर्सचं थोडक्यात: पदवी झाल्यावर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. आकाशवाणीची लोकसंगीताची ऑडिशन आहे. 18 ते 25 वयातल्या कलाकारांना केंद्र सरकारची दोन वर्षांची, महिना 5,000 ची शिष्यवृत्ती आहे, पण तिला गुरूकडच्या शिक्षणाचा पुरावा लागतो; तो आजपासून जमवायला घ्या. कॉलेज मात्र अजिबात सोडवू नका. तुमच्या जळगावच्या विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवाचा मंच विद्यार्थ्यालाच मिळतो, आणि तिथं ऐकणारे जेवणाच्या पंगतीकडे बघत नसतात.

पुढचे तीन कार्यक्रम तुम्ही घरी थांबा. सुपारी त्यानं ठरवावी, वही त्यानं लिहावी, पैसे बुडाले तर त्याचे बुडावेत. मग पत्र त्यानं पाठवावं, तुम्ही न वाचता. कुरकुर कशाची होती, तेवढं लिहिलं तरी चालेल.