गुण 'आला' की 'मिळाले'?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचा प्रश्न आहे. गाडीवरून पडून भावाच्या मेंदूला मार बसला. आता फिजिओथेरपी चालू आहे आणि कागदावर 'एफआयएम : ७२ गुण' असं लिहिलंय. (एफआयएम म्हणजे रोजची कामं माणूस किती स्वतः करतो हे मोजणारी मोजपट्टी.) शेजारी विचारतात, 'गुण आला का?' हे दोन्ही गुण एकच का?

शब्द एकच. औषधाचा गुण येतो, तो एकवचनी. परीक्षेतले गुण मिळतात, ते अनेकवचनी. झालं.

पण ताई, पुढे तुम्ही 'म्हणजे ७२ टक्के बरा' असं लिहिलंत, आणि हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गुण म्हणजे टक्के नव्हेत! एफआयएममध्ये जेवण, आंघोळ, जिना, स्मरण अशा १८ बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. सात म्हणजे कुणाचीही मदत नको. पाच म्हणजे शर्ट स्वतः घालतो, पण कुणीतरी शेजारी उभं राहून 'आता दुसरी बाही' म्हणावं लागतं. शून्य नाहीच. सगळंच दुसऱ्याने करावं लागतं त्यालाही १८ मिळतात, कमाल १२६. म्हणजे ७२ हा बरोबर मध्य. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचंही तेच, ती ३ पासून सुरू होते. 'तीन तरी आहेत ना' म्हणून हायसं वाटून घेणारे नातेवाईक असतात, काय बोलणार!

आता खरी गंमत. संस्कृतात गुण म्हणजे दोराही. धनुष्याची दोरी ती गुणच. दोन पदरी ते द्विगुण, तीन पदरी ते त्रिगुण. तिथून दुप्पट-तिप्पट, आणि पुढे गुणाकार. आपट्यांच्या संस्कृत कोशात 'धर्म' (म्हणजे वस्तूच्या अंगचा गुणधर्म) हा अर्थ पहिला आणि दोरा बराच खाली. हे मला साफ अमान्य. संस्कृत-इंग्रजी कोशाचा कर्ता मोनियर-विल्यम्स दोऱ्यापासून सुरुवात करतो, तेच बरोबर. तुमच्याकडे मागावर बसणाऱ्या कुणालाही विचारा : सूत आधी, पोत मागाहून. माझ्या मते औषधाचा गुणही असाच पदरापदराने येतो. सुतावरून स्वर्ग गाठतोय म्हणा हवं तर.

एफआयएमलाही दोन पदर आहेतच. १३ बाबी शरीराच्या, कमाल ९१. ५ आकलनाच्या, कमाल ३५. मेंदूच्या इजेनंतर माणूस चालू-फिरू लागतो, पण सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, असं होतं. बेरजेत ते बुडून जातं. थेरपिस्टना दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा.

आणि कुणी 'गुणांकन ७२' लिहिलं तर खोडा. गुणांकन ही क्रिया, ७२ हे गुण.