केमोच्या गोळ्या घरात हाताळताना काय काळजी घ्यावी?

आईंना केमोच्या गोळ्या सुरू झाल्यात आणि तुम्ही गरोदर आहात, तर पहिली गोष्ट: त्या गोळ्यांना तुम्ही हातच लावू नका. आईंना जमत असेल तर त्यांनीच घ्याव्यात. गोळी बाटलीच्या झाकणात काढायची आणि तिथूनच तोंडात टाकायची, बोट लावायची वेळच येत नाही. दुसरं कुणी देणार असेल तर नायट्राइलचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) हातमोजे घालावेत, आणि मोजे काढल्यावरही साबणाने हात धुवावेत.

गोळी तोडणं, कुटणं, कॅप्सूल उघडणं अजिबात नको. भुकटी उडाली की श्वासातून आत जाते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा, खलबत्ता काढू नका. रोजच्या गोळ्यांच्या डबीतही ही मिसळू नका.

औषध लघवी-शौचातूनही बाहेर पडतं, हे बऱ्याचदा कुणी सांगतच नाही. शेवटच्या डोसनंतर साधारण ४८ तासांपर्यंत कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, उलटी लागलेले कपडे वेगळे धुवायचे (हेही काम तुमचं नाही). उरलेल्या गोळ्या कमोडमध्ये टाकू नका. ज्या दवाखान्यातून मिळाल्या तिथे परत घेतात का विचारा.