कुंडीतला पाम

प्रिय नाटककार,

पहिला मसुदा शेवटपर्यंत नेलास, तेव्हा आता असंच म्हणतो.

संहिता दोनदा वाचली. पहिले दोन अंक झकास झालेत. हसवताना तू प्रेक्षकाला कुठेही कोपरानं ढोसत नाहीस. तिसऱ्या अंकात मात्र नायक मरतो, आणि मरता मरता पावणेदोन पानं बोलतो! माझ्या एका फार्समध्ये मी नायकाला सहा मिनिटं मरायला लावलं होतं. तिसऱ्या मिनिटाला मागून कुणीतरी खोकलं, मग शेजारचा, मग अख्खं थिएटर. नाट्यगृहात खोकल्याची साथ बहुतेक वेळा लेखकामुळेच येते.

म्हणून १९५५ सालचा ‘मिस्टर रॉबर्ट्स’ हा सिनेमा बघ. तूही कादंबरीवरूनच नाटक करायला घेतलंयस, त्यामुळे त्याचा प्रवास माहीत असू दे. थॉमस हेगन दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या एका मालवाहू जहाजावर होता. १९४६ मध्ये त्याची कादंबरी आली, म्हणजे खरं तर सुट्या प्रसंगांची माळ. जोशुआ लोगनला जोडीला घेऊन त्यानं तिचं नाटक केलं आणि १९४८ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं. पुढचं वर्षही त्याला पुरं लाभलं नाही. जेमतेम तिशीत गेला. नाटकात रॉबर्ट्स झाला होता हेन्री फोंडा, सिनेमातही तोच. दिग्दर्शक जॉन फोर्डचं आणि त्याचं हातघाईवर आलं, फोर्ड आजारी पडला, मर्विन लरॉयनं सिनेमा पुढे नेला. ते पुराण भेटीत.

गोष्ट साधी आहे. जहाज टूथपेस्ट आणि टॉयलेट पेपर वाहतं. युद्ध दुसरीकडेच चाललेलं. रॉबर्ट्सला लढायला जायचंय, पण बदलीचा प्रत्येक अर्ज कॅप्टनच्या सहीपाशी अडतो. मालाची चोख पोच केल्याबद्दल बक्षीस मिळालेला पाम कॅप्टननं डेकवर जिवापाड जपलाय. एका रात्री रॉबर्ट्स तो उचलतो आणि समुद्रात भिरकावतो.

पण तू लक्ष ठेव जॅक लेमनच्या पल्व्हरवर. हा लाँड्री सांभाळणारा आळशी अधिकारी. कॅप्टनला इतका चुकवतो, की समोरासमोर आल्यावर कॅप्टन विचारतो, किती दिवस आहेस या जहाजावर? उत्तर येतं, चौदा महिने. थिएटर हसतं. लेमनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, पण त्या हशाची वसुली शेवटी होते, ती बघ.

रॉबर्ट्सला अखेर बदली मिळते. तो विनाशिकेवर जातो आणि पडद्यावरून नाहीसा होतो. मग टपाल येतं. पल्व्हर त्याचं पत्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. खलाशी ऐकताहेत, खूश आहेत. मग तो दुसरं पत्र उघडतो, त्याच विनाशिकेवरच्या मित्राचं. आता आवाज बंद. आत्मघातकी विमान आदळलं तेव्हा रॉबर्ट्स कॉफी पीत होता. ना स्फोट दाखवलाय, ना शेवटचे शब्द. आपण फक्त कागद वाचणाऱ्याचा चेहरा बघतो. कॉफी हा तपशील काढून बघ, अर्धं दुःख निघून जातं. तोफेपाशी मेला असता तर ते वीरमरण झालं असतं, आणि वीरमरणाचं काय करायचं हे प्रेक्षकाला पाठ असतं.

यानंतर पल्व्हर रडत बसत नाही. डेकवर नवा पाम आहे, तो उचलून पाण्यात टाकतो, आणि ज्या दारापासून चौदा महिने पळाला तेच धडाधडा वाजवून आत शिरतो. कॅप्टनला स्वतःचं नाव सांगतो, पाम मीच फेकला म्हणतो, आणि आज रात्रीचा सिनेमा का रद्द केला, असा जाब विचारतो. सिनेमा तिथेच संपतो. शेवटचं वाक्य विनोदीच आहे बघ.

तुझ्या नायकाला तिसऱ्या अंकात स्टेजवर आणूच नकोस. त्याची बातमी येऊ दे, तीही ज्याला वाचायला सगळ्यात जड जाईल त्याच्या हातात. पावणेदोन पानांतली दोन वाक्यं चांगली आहेत, ती पहिल्या अंकात कुणीतरी चेष्टेत म्हणू दे.

आणि एक विचारायचं राहिलं. पहिल्या अंकात साहेबांच्या टेबलावर पितळी घंटी आहे, बारक्या तिला हात लावायलाही घाबरतो. मग ती जाते कुठे? मी दोनदा शोधली.

तुझा,
काका