फोटो तुम्ही काढलेत, कॉपीराइट निर्मात्याचा. थकलेले पैसे मात्र तुमचेच

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, मुंबईत राहून चित्रपटांसाठी स्टिल फोटोग्राफी करते. एका मराठी चित्रपटाच्या वाईच्या शेड्यूलवर २८ दिवस होते. दिवसाला ६,००० रुपये ठरले होते. करार केला नाही, सगळं बोलणं लाइन प्रोड्यूसरशी (शूटिंगची व्यवस्था आणि खर्च पाहणाऱ्याशी) व्हॉट्सॲपवर झालं. ५०,००० ॲडव्हान्स कंपनीच्या खात्यातून टीडीएस कापून आला. नंतर मुंबईत पोस्टर शूट केलं, त्याचे वेगळे ४०,००० ठरले. मार्च २०२४ मध्ये काम संपवून निवडलेले, करेक्शन केलेले फोटो आणि बिलं पाठवली. १,५८,००० रुपये अजून येणं आहे. आधी ‘रिलीज झाल्यावर देतो’ म्हणाले, आता म्हणतात सिनेमा चालला नाही, आणि सगळ्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) द्या, मग बघू. पोस्टरवर माझे फोटो आहेत, पण नाव दुसऱ्याच फोटोग्राफरचं. माझे फोटो म्हणजे कॉपीराइट माझा, तर फौजदारीची नोटीस पाठवू का? न दाखवलेले लूक टेस्टचे (कलाकारांचा मेकअप-वेशभूषा आजमावतानाचे) फोटो इन्स्टाग्रामवर टाकू का? शिवाय तोच लाइन प्रोड्यूसर पुढच्या सिनेमासाठी विचारतोय. काय करू?

उत्तर : इन्स्टाग्रामचा बेत आधी रद्द करा. बाकीचं सावकाश बोलू.

‘शटर मी दाबलं म्हणजे फोटो माझा’ हे अर्धंच खरं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारी व्यक्तीच त्या फोटोची कर्ती, हे बरोबर. पण कर्तेपण आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १७ (ख) सांगतं, की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक ते काम सांगणारा. म्हणजे तुमच्या बाबतीत निर्माता. यासाठी तुम्ही त्याच्या नोकरीत असण्याची गरज नाही. नोकरदाराचं कलम निराळं आहे. फ्रीलान्सर आहोत म्हणून हक्क आपोआप आपल्याकडे राहतात, ही समजूत सेटवर मी इतक्यांकडून ऐकली आहे की तिचा उगम शोधायचा नादच सोडून दिला.

आता तुम्ही म्हणाल, मोबदला मिळालाच कुठे? हा मुद्दा आकर्षक आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. करार कायद्यात पैसे द्यायचं वचन हाही मोबदलाच असतो, आणि तुम्हाला तर त्यातला काही भाग मिळालाही आहे. पैसे थकले म्हणून मालकी परत तुमच्याकडे येत नाही. तसं हवं असेल तर ते आधी लिहून ठेवावं लागतं.

म्हणूनच फौजदारीची नोटीस नको. कॉपीराइटचा भंग कलम ६३ खाली गुन्हा आहे खरा, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. पण मालकी निर्मात्याची असेल तर भंग होतच नाही. उलट कलम ६० म्हणतं, की निराधार धमकी दिली तर समोरचा तुमच्यावर दावा लावू शकतो. आणि लूक टेस्टचे फोटो तुम्ही जाहीर केलेत, तर तेच कलम ६३ तुमच्याकडे वळेल. कलाकारांची नाराजी ओढवून घ्याल ते वेगळंच. त्यांनी तुमच्यासमोर अर्धा मेकअप, अर्धा विग अशा अवस्थेत उभं राहायचं ते विश्वासावर.

दोन प्रकारचे फोटो मात्र बाजूला काढा. शूट नसलेल्या दिवशी मेणवलीच्या घाटावर किंवा वाईच्या बाजारात स्वतःसाठी काढलेले फोटो कुणी सांगितलेले नव्हते, ते तुमचेच. फाइलमधली तारीख-वेळ कॉलशीटशी (रोजच्या शूटच्या वेळापत्रकाशी) ताडून पाहा, म्हणजे कुठला दिवस कामाचा आणि कुठला सुट्टीचा हे दाखवता येईल. दुसरा प्रकार असा : चित्रपटातल्या घराच्या भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो असतो, किंवा नायिकेच्या लग्नाचा अल्बम. असे फोटो पुष्कळदा स्टिल फोटोग्राफरच काढतो. तुम्ही तसा काही काढला असेल आणि तो पडद्यावर दिसत असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीने कलम १७ ला जोडलेलं परंतुक (अपवाद सांगणारी पुरवणी) तुमच्या कामाचं आहे. चित्रपटात समाविष्ट झालेल्या कलाकृतीबाबत कर्त्याच्या हक्काला (ख) आणि (ग), म्हणजे सांगून करून घेतलेल्या कामाचं आणि नोकरदाराचं, या उपकलमांनी बाधा येत नाही, असं ते म्हणतं. यावर वाद घालायला जागा आहे, त्यामुळे पहिली चाल म्हणून ते वापरू नका. वाटाघाटीत हाताशी असू द्या.

पोस्टरवरच्या नावाचा प्रश्न मालकीपेक्षा वेगळा आहे, आणि तिथे तुमची बाजू बरीच चांगली आहे. कलम ५७ प्रमाणे, कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी ‘ही कृती माझी’ असं सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल केंद्र सरकारविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. २००५ मध्ये न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले, वर पाच लाख रुपये भरपाई. मालक सरकार होतं, तरीही. तुमच्याकडे रॉ फाइल आहे, तिच्यात कॅमेऱ्याचा क्रमांक आहे, पोस्टर शूटच्या दिवसाचे मेसेज आहेत. नाव नुसतं गाळलं असतं तर समोरच्याला ‘जागा नव्हती’, ‘डिझायनरकडून राहिलं’ असं म्हणता आलं असतं. दुसऱ्याचं नाव छापल्यावर ते म्हणणं अवघड. ओटीटीवर अजून तेच पोस्टर असेल, तर नाव दुरुस्त करण्याची मागणी आजही करता येते. मात्र ती पैशाच्या पत्रात घुसवू नका. दोन स्वतंत्र पत्रं लिहा, नाहीतर ‘नाव देतो, पैसे सोडा’ असा सौदा सुरू होतो.

आता पैसे. खरं वजन इथे आहे.

लेखी करार नाही म्हणून करार नाही, असं होत नाही. तोंडी करारही करारच असतो. तुमच्याकडे तर दर, दिवस आणि जागा सांगणारे मेसेज आहेत. फक्त देणेकरी कोण ते नीट ठरवा. लाइन प्रोड्यूसर हा साधारणतः निर्मात्याचा प्रतिनिधी असतो. तो कुणासाठी काम करतो हे उघड असेल, तर देणं कंपनीचं, त्याचं नाही. ॲडव्हान्स ज्या खात्यातून आला, त्या खात्याचं नाव बँक स्टेटमेंटमध्ये पाहा. ती प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर तिचा पत्ता आणि संचालक सापडतात. कधी कधी एकाच सिनेमापुरती एलएलपी काढलेली असते आणि रिलीजनंतर तिच्या खात्यात काही उरत नाही. तसं दिसलं तर जास्तच घाई करा.

मग आयकर पोर्टलवरचं तुमचं २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) काढा. ॲडव्हान्सवरचा टीडीएस, बहुधा ‘व्यावसायिक फी’ म्हणून, कापलेला दिसेल, कापणाऱ्याचं नाव आणि टॅन (त्याचा टीडीएससाठीचा क्रमांक) सुद्धा. कधी गंमत होते : कंपनीच्या अकाउंटंटने संपूर्ण बिल खात्यात धरून पूर्ण रकमेवर टीडीएस भरलेला असतो आणि पैसे मात्र अडवलेले असतात. तसं निघालं, तर ‘एवढं ठरलंच नव्हतं’ हे म्हणणं तिथेच संपतं.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण कॅमेऱ्याच्या कर्जासाठी किंवा आणखी कशासाठी उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) केली आहे का? मार्च २०२४ च्या कामाआधीची असेल, तर मी कोर्टाच्या आधी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाईन. एमएसएमई विकास कायदा, २००६ सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, फोटोग्राफरलाही. मुदत ठरली नसेल तर निर्मात्याने पूर्ण झालेलं काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, आणि लेखी मुदत ठरली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ‘रिलीजनंतर देतो’ हे इथे चालत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, तोही तुमच्या व्यवसायाच्या पत्त्याच्या हद्दीतल्या परिषदेकडे, निर्मात्याच्या नाही. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि त्याला आव्हान द्यायचं असेल, तर निर्मात्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात अशी तरतूद आली, की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. हे वाक्य तुमच्या पत्रात जरूर घाला. निर्माता वाचणार नाही, त्याचा सीए वाचेल.

उद्यम नोंदणी नंतरची असेल किंवा नसेलच, तर हा रस्ता खडतर आहे. कामाआधी नोंदणी हवी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं, पुढे तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. अशा वेळी साधा दिवाणी दावा बरा. त्यासाठी वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. मराठी चित्रपट महामंडळाच्या किंवा कामगार संघटनेच्या सभासद असाल तर तिथेही तक्रार द्या. सिनेमाच्या जगात संघटनेचा एक फोन कधी कधी समन्सपेक्षा लवकर पोचतो. पण तक्रारीवर बसून राहू नका, कारण दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत थांबत नाही. काम मार्च २०२४ मध्ये संपलं, म्हणजे ती मार्च २०२७ मध्ये भरेल. ‘देतो’ या मेसेजमुळे मुदत वाढते का, यावर कोर्टात वाद घालण्याची वेळच येऊ देऊ नका.

पोलिसांत जाऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. थकलेले पैसे म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासूनच न देण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि दिलेला ॲडव्हान्स नेमका तुमच्या विरोधात जातो.

रॉ फाइल्स द्यायचं ठरलं होतं असं एकाही मेसेजमध्ये नसेल, तर नवीन अट मान्य करू नका. ‘बाकी रक्कम जमा झाल्यावर देईन’ असं लेखी कळवा. पुसू मात्र अजिबात नका. दोन डिस्कवर ठेवा, तोच तुमचा पुरावा आहे. व्हॉट्सॲपचं संभाषण स्क्रीनशॉटमध्ये न ठेवता पूर्ण एक्स्पोर्ट करा आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) नोंदलेलं प्रमाणपत्र लागतं, त्यातला एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. कोर्टात जाल तेव्हा वकील ते करून घेतील.

राहिला पुढचा सिनेमा. त्या लाइन प्रोड्यूसरशी भांडण नसेल आणि निर्माता वेगळा असेल, तर जायला हरकत नाही. फक्त पहिल्या कॉलटाइमच्या (सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या) आधी निम्मे पैसे खात्यात आणि निर्मात्याच्या ईमेलवर हा मजकूर, ज्याला त्यांनी ‘मान्य’ असं उत्तर द्यायचं : ‘दर इतका, दिवस इतके, पोस्टर शूट वेगळं. दिल्या जाणाऱ्या फोटोंची संख्या इतकी, रॉ फाइल्स त्यात नाहीत. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत कॉपीराइट फोटोग्राफरकडे. पोस्टर आणि श्रेयनामावलीत नाव.’ उत्तर येत नसेल तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं काम घ्या.