सावत्र वडील फौजी असतील आणि तुम्ही अमेरिकेला निघालात तर

राजेंद्र नगरातून तुम्ही विचारलंय की अमेरिकेत नोकरी पक्की होतेय, आईचं दुसरं लग्न तुम्ही तेरा वर्षांचे असताना झालं, सावत्र वडील फौजेतून निवृत्त आहेत; तर पुढे दोघांना कायमचं तिकडे नेता येईल का, आणि आत्तापासून कोणते कागद जमवावेत. मी इंदूरचीच, बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे, आणि माझ्या घरची गोष्ट जवळजवळ हीच. म्हणून जरा लांबण लावते.

नेता येतं. अमेरिकेच्या कायद्यात सावत्र वडिलांनाही वडील धरतात, फक्त आईशी त्यांचं लग्न तुम्हाला १८ पूर्ण व्हायच्या आत झालेलं हवं. म्हणजे तुम्ही अटीत बसता. मात्र अर्ज करता येतो तो तुम्ही तिथले नागरिक झाल्यावर. नुसत्या ग्रीन कार्डावर आईवडिलांना बोलावता येत नाही. भारतात जन्मलेल्यांची नोकरीच्या ग्रीन कार्डाची रांग केवढी आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच, आणि त्यानंतर नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं. दोघांसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला बोलावण्याचे अर्ज, वेगवेगळे भरायचे. सावत्र वडिलांच्या अर्जाला तुमचा जन्मदाखला, आईशी त्यांच्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि आईचं पहिलं लग्न संपल्याचा पुरावा लागतो, म्हणजे वडिलांचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाचा हुकूम. त्यांचंही हे दुसरं लग्न असेल तर त्यांच्या बाजूचाही. पुढे डीएस-२६० या कायमच्या व्हिसाच्या फॉर्मवर सैन्यातल्या नोकरीबद्दल विचारतात: कुठली शाखा, हुद्दा काय, कधीपासून कधीपर्यंत. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निघताना मिळालेली नोकरीच्या नोंदींची वही, कुठल्या ट्रंकेत आहे ते आत्ताच बघून ठेवा. त्या काळी दुसरी लग्नं चार माणसांत उरकायची आणि नोंदणी राहून जायची. तुमच्याकडे तसं झालं असेल तर आधी नगर निगमात जाऊन ते काम करा.

पण खरं सांगू? तुमच्या अख्ख्या प्रश्नात त्यांना स्वतःला काय हवंय हे कुठेच नाही.

आमचे काका, म्हणजे माझे सावत्र वडील, सिग्नल्समध्ये, फौजेच्या संदेशवहन शाखेत, सुभेदार. १९७१ च्या लढाईत तरणे रेडिओ ऑपरेटर होते, शेवटची पोस्टिंग इंदूरजवळच्या महूच्या छावणीत, तिथूनच १९९५ मध्ये पेन्शनवर आले. पुढच्या वर्षी आईशी लग्न केलं तेव्हा मी अकरा वर्षांची. लग्नाआधी ते एकटे माझ्या आजीकडे गेले होते. आजी म्हणजे वडिलांची आई. तिची परवानगी घेतली. वडिलांचा फोटो बैठकीत होता तिथेच राहिला, आणि पितृपक्षात वडिलांच्या तिथीला गुरुजींना सांगून ठेवणं, केळीची पानं आणणं हे सगळं काकाच करायचे. माझ्या नावापुढे वडिलांचंच नाव राहील, हेही त्यांनीच ठरवलं. नातेवाईकांत यावरून कुजबुज झाली, पण त्यांनी कुणाला खुलासा दिला नाही. आई शाळेत शिकवायची. शाळा सुटायच्या वेळी हे स्कूटर घेऊन फाटकाबाहेर उभे. उशीर झाला तरी आत निरोप पाठवायचे नाहीत. घरात मात्र वेळ फौजी. जेवण 'वीसशे वाजता', आणि आई मुद्दाम सव्वाआठला पानं घ्यायची.

मला ते महूला पहिल्यांदा घेऊन गेले ते भीम जन्मभूमीवर. बाबासाहेब तिथे १८९१ मध्ये जन्मले, कारण वडील रामजी सकपाळ तेव्हा तिथल्या छावणीत सुभेदार होते. काकांना त्या 'सुभेदार' शब्दाचा कोण अभिमान! रामजी जणू त्यांचे युनिटवालेच.

मी नागरिक झाल्यावर कागद तयार केले, तर काका म्हणाले, आईचा अर्ज कर हवा तर, माझा नको. त्याआधी एकदा व्हिजिटर व्हिसावर दोघं येऊन गेले होते. मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या परेडला काका ब्लेझरवर मेडल लावून गेले. अनोळखी म्हातारे येऊन हात मिळवत होते, एक व्हिएतनामवाला तर वायरलेस सेटवर तासभर बोलला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, नवरा ऑफिसात, आणि काका खिडकीत. इंदुरात पोहेवाल्यापासून बँकेच्या कॅशियरपर्यंत सगळे त्यांना 'साहब' म्हणायचे. इथे दूध आणायलासुद्धा मी गाडी काढायची वाट बघावी लागे. दवाखान्याचं तर विचारू नका. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड भारताबाहेर चालत नाही, पाहुण्यांच्या विम्यात जुनी दुखणी सहसा धरत नाहीत, आणि ६५ च्या पुढच्या नव्या ग्रीन कार्डवाल्याला सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, विकतसुद्धा घेता येत नाही. इंदुरात हाच माणूस ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन, खिशातून पैसा न काढता मोठ्या इस्पितळात जात होता. मी हट्ट सोडला.

काका २०२३ मध्ये गेले, पंचाहत्तरीत. त्यांच्या कागदपत्रांच्या निळ्या फायलीत वरच एक कागद होता: मुलीची वाट पाहत ताटकळू नका. आईनंच अग्नी दिला. महूहून जुने सिग्नलवाले आले, त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. मी पोचले तिसऱ्या दिवशी. पोचले तरी, कारण ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड, हातात होतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, पासपोर्ट बदलला की भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय लागतं. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर पहिलं काम ते करा.

त्याच फायलीमुळे आईची धावपळ वाचली. निवृत्तीनंतर लग्न झालं असेल तर बायकोचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या हुकुमात, आपोआप चढत नाही. लग्नाचं प्रमाणपत्र रेकॉर्ड ऑफिसला पाठवून दुरुस्त पीपीओ काढावा लागतो. काकांनी ते लग्नानंतर लगेच जबलपूरला पाठवलं होतं. आईच्या आधारवर जुन्या नवऱ्याचं नाव होतं, तेही बदलून घेतलं होतं, कारण फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर नाव जुळलं नाही की काम अडतं. बँकेचं खातं जोडीनं. आता आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, साधारण दरानं, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पैशापेक्षा तिला ईसीएचएस सुरू राहिल्याचं समाधान जास्त आहे. वर्षाचा हयातीचा दाखला परदेशातूनही वकिलातीमार्फत देता येतो, त्यामुळे त्या भीतीनं कुणाला घरी अडकवून ठेवू नका.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर नोंदणी, पीपीओ, आधार एवढं निघायच्या आत पुरं केलं असतं. ग्रीन कार्डाचं त्यांना विचारा, आईसमोर नको, एकट्याला विचारा. आईसमोर ते 'हो' म्हणतील. बोलवायचं तर व्हिजिटर व्हिसावर मे-जूनमध्ये बोलवा, आणि परतीचं तिकीट अनंत चतुर्दशीच्या आधीचं काढा. त्या दिवशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे देखावे, चुकल्या तर पुढचं वर्षभर फोनवर तेच ऐकाल.