वाचकांचे प्रश्न : खाडीतला पूर्ण दिवस

प्रश्न : आम्ही चौघे मित्र गेली पंधरा-सोळा वर्षे खडकवासला, पानशेत, भाटघर आणि उजनी येथे गळाने मासे धरत आलो आहोत. या वर्षी प्रथमच कोकणात जाऊन, होडी आणि वाटाड्या घेऊन, सावित्रीच्या खाडीत व किनाऱ्यालगतच्या खडपांवर पूर्ण दिवस घालवायचा विचार आहे. सर्वांच्या सोयीचा रविवार ठरवला, तर वाटाड्या म्हणतो की त्या दिवशी पौर्णिमा आहे, त्याऐवजी आधीच्या बुधवारी, एकादशीला या. अनुभवी माणसांना तिथीचे एवढे बंधन खरोखर असते का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : असते, आणि जो वाटाड्या रविवारची रक्कम सोडून बुधवार सुचवतो, तो विश्वास ठेवण्याजोगा आहे. धरणावर आपण ऋतू, पाण्याची पातळी आणि सकाळ-संध्याकाळचा उजेड पाहून जागा ठरवतो. ती जागा दिवसभर साधारण तशीच राहते. खाडीत मात्र एकच जागा सकाळी मासळीने भरलेली आणि दोन तासांनी कोरडा चिखल असू शकते, कारण साधारण २४ तास ५० मिनिटांत पाणी दोनदा चढते आणि दोनदा उतरते. मासा कोठे आहे, याचे उत्तर येथे पाणी कोणत्या दिशेला आणि किती वेगाने चालले आहे यावर अवलंबून असते.

किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या आसपास बराच जुळतो. दक्षिणेकडे जावे तशी भरती काहीशी आधी येते आणि तिची उंचीही कमी होत जाते, तर खाडीच्या तोंडापासून आत जावे तशी ती उशिरा पोचते. म्हणून नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी, परंतु दिवस निवडण्यासाठी पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

आता आपले दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. पौर्णिमेला उधाण असते. पहाटे पाचपासून अकरापर्यंत पाणी जोराने चढत राहते, गाळ उचलून गढूळ होते, आणि मासा चढत्या पाण्याबरोबर कांदळवनाच्या मुळांमध्ये अशा ठिकाणी शिरतो की तेथे आपले लूर (कृत्रिम आमिष) पोचतच नाही. ओहोटी सुरू होते ती भर दुपारी, नेमका खारा वारा वाढण्याच्या वेळी; खाडीच्या तोंडाशी उतरते पाणी आणि समोरून येणारा वारा एकमेकांना भिडले की उंच, तुटक लाटा उठतात आणि लहान होडीला तेथे थांबणे धोक्याचे होते. एकादशीला मात्र भांग (लहान भरतीचे दिवस) नुकताच सरत असल्यामुळे पाण्याचा वेग मध्यम असतो. सहा वाजता निघालात तर भरतीचे शेवटचे दोन तास मतलई वाऱ्याच्या शांत पाण्यात मिळतात, सव्वाआठच्या सुमारास पाणी थोडा वेळ स्थिर होते आणि त्यानंतर अडीचपर्यंत सलग ओहोटी चालते. उतरते पाणी कांदळवनातली कोळंबी आणि बोयांची पिल्ले बाहेर ओढून आणते, आणि जिताडा व तांबोशी हे शिकारी मासे लहान उपखाड्यांच्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला, त्यांची वाट पाहत उभे असतात. माझ्या मते पूर्ण दिवसाच्या फेरीचे सारे मोल या ओहोटीच्या तासांत आहे.

हे मी पहिल्याच फेरीत चुकलो होतो. सुट्टीच्या सोयीने उधाणाचा दिवस घेतला, तांडेलाने (होडी चालवणाऱ्याने) सुचवलेली वेळही मानली नाही, आणि सकाळभर गढूळ पाण्यात लूर फेकून रिकाम्या हाताने परतलो. परतताना ओहोटी लागली होती आणि एका उपखाडीच्या तोंडाशी मासे पाण्यावर उसळताना दिसत होते, परंतु तोवर होडी धक्क्यावर नेण्याची वेळ झाली होती.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अनुभवी माणसे वाटाड्याला प्रश्न विचारत नाहीत. आपल्याला येते, असे त्यांना वाटते आणि ते खरेही असते. परंतु आपल्याला येते ते गळ टाकणे. पाण्याखालचा खडक, गेल्या पावसाळ्यात सरकलेली वाळूची पट्टी आणि ओहोटीतही पाणी धरून राहणारे डोह त्यालाच माहीत असतात. आदल्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसावे, आपल्याला कोणता मासा आणि कोणत्या पद्धतीने धरायचा आहे ते स्पष्ट सांगावे, आणि शक्य झाल्यास ओहोटीच्या वेळी ती जागा उघडी पडलेली पाहून यावी. त्यासाठी पुण्याहून दुपारीच निघून ताम्हिणी घाट आणि माणगावमार्गे किनाऱ्यावर मुक्कामाला पोचणे योग्य ठरेल. रात्रभर गाडी चालवून थेट होडीत बसणे मला अजिबात मान्य नाही. मोठ्या ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकांशी आणि हलत्या होडीशी पेंगुळलेल्या माणसाने खेळू नये. होडीची नोंदणी, प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक फोनमध्ये असणे, या बाबींवर तडजोड नको. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा या महिन्यांत कोणी फेरी देऊ केली तरी ती घेऊ नये.

प्रश्न : मला बोट लागते. दिवसभराची फेरी झेपेल का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : खाडीच्या आतल्या भागात लाट फारशी नसते, त्यामुळे बहुतेकांना तेथे त्रास होत नाही. आदल्या रात्री नीट झोपावे, सकाळी हलके खावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यायची असल्यास होडीत चढण्यापूर्वीच घ्यावी, आणि खडपांकडे जाण्याचा भाग सकाळच्या शांत वाऱ्यात उरकण्यास वाटाड्याला सांगावे.

प्रश्न : कटला आणि मरळ यांसाठी वापरतो तीच सामग्री खाडीत चालेल का, की सर्व नवीन घ्यावे लागेल? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : मरळीसाठी शेवाळाच्या कडेला नेमके लूर टाकण्याचा सराव असेल, तर सर्वांत अवघड भाग आपल्याकडे आधीच आहे, कारण कांदळवनाच्या फांद्यांखाली वीतभर जागेत लूर उतरवणे हेच येथले कौशल्य आहे. सामग्रीपैकी सात फुटांचा मध्यम-जड रॉड आणि ४००० ते ५००० क्रमांकाचे, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेले रील असल्यास ते चालेल. ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी, तिला एफजी गाठीने जोडलेला ४० ते ५० पौंडी लीडर (लूरजवळची जाड दोरी) सुमारे दीड मीटर, आणि लूरवरचे मूळचे नाजूक हूक काढून त्या जागी जाड तारेचे हूक, एवढा बदल मात्र करावाच लागेल; तांबोशीच्या सुळ्यांसमोर आणि जिताड्याच्या कल्ल्याच्या धारदार कडेसमोर धरणावरचा पातळ लीडर टिकत नाही.

खरा फरक ड्रॅगमध्ये, म्हणजे दोरी सुटण्याला रील करते त्या अडवणुकीत आहे, आणि येथे कटल्याची सवय आपल्याला फसवते. कटल्याला आपण दोरी देतो, दमवतो, अर्धा तासही वाट पाहतो. तांबोशी गळाला लागताच थेट मुळांकडे किंवा खडकाच्या कपारीकडे धावते, आणि पहिल्या दोन-तीन मीटरांतच निकाल लागतो. म्हणून दोरीच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३० पौंडी दोरीला सुमारे साडेचार किलोंचा ड्रॅग, घरीच ताणकाटा लावून बसवून घ्यावा. हाताच्या अंदाजाने तो बहुतेक वेळा सैलच राहतो. खाडीच्या वाळूमय तोंडाशी रावस मिळाला तर गोष्ट वेगळी, तो मोकळ्या पाण्यात धावतो आणि त्याला थोडी दोरी देता येते.

शिंगाळ्याच्या काट्यापासून आणि पाकटाच्या शेपटीवरील काट्यापासून जपावे. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, आणि त्यानंतर लगेच डॉक्टरांकडे जावे. होडीत गरम पाण्याचा थर्मास ठेवणारा तांडेल मला नेहमीच जाणकार वाटला आहे. परत आल्यावर ड्रॅग घट्ट करून रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे, पुसावे, आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा.

प्रश्न : गेल्या हंगामात आमच्या मित्राने आठ-नऊ किलोंचा जिताडा धरला. त्याला तो सोडायचा होता, परंतु होडीवाल्याचा आग्रह होता की असा मासा सोडणे म्हणजे अन्नाचा अपमान. वाद झाला आणि दिवस खराब झाला. मासा कोणाचा? (एक वाचक, औंध)

उत्तर : हा प्रश्न धक्का सोडण्यापूर्वी मिटवायचा असतो, पाण्यात नव्हे. होडीवाल्याचे म्हणणे मी कमी लेखत नाही. त्याचे घर मासळीवर चालते, आणि रायगडात जिताड्याला जो मान आहे तो पाहता एवढा मासा परत पाण्यात जाताना पाहणे त्याला जड जाणारच. म्हणून भाडे ठरवतानाच सांगावे की कोणते मासे सोडू आणि कोणते ठेवू, आणि त्याच्या घरच्या कालवणासाठी मध्यम आकाराचे एक-दोन मासे ठेवायचे असतील तर तेही तेव्हाच ठरवावे.

तरीही आपल्या मित्राची बाजू मला योग्य वाटते. जिताडा तारुण्यात नर असतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे या आकाराचे मासे बहुधा माद्याच असतात. अंडी घालण्यासाठी त्या खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्यात येतात, आणि एक मोठी मादी लाखोंनी अंडी देते. खाडीतून आधी अशाच मोठ्या माद्या काढल्या, तर मागे उरतात ते मुख्यतः नर, आणि ते मादी होईपर्यंत अनेक वर्षे जातात. हे होडीवाल्याला सांगून पाहावे. ज्यांचे आजोबा-पणजोबा याच खाडीत गरवत आले, त्यांना मासा कमी होत चालल्याचे आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि शांतपणे सांगितलेले ते ऐकून घेतात असा माझा अनुभव आहे. लहान माशांबाबत तर वादाला जागाच नसावी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी धरण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला आहे.

सोडायचेच असेल तर नीट सोडावे. हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने आधीच दाबून ठेवावेत, मासा होडीत न घेता शक्यतो पाण्यातच मोकळा करावा, आणि छायाचित्र हवे असल्यास ओल्या हातांनी पोटाखाली आधार देऊन तो आडवा उचलावा. जबड्याला धरून उभा लटकवल्यास एवढ्या वजनाच्या माशाला आतून इजा होऊ शकते. नंतर त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवावे. घाईने ढकलू नये. कल्ले संथपणे उघडमीट करू लागतील आणि शेपटीची ओढ हाताला जाणवेल, तेव्हा हात सोडावा.